दुसऱ्या साच्यातली आई

इंदिरानगर, नाशिक

प्रिय भाग्यश्री,

फोनवर आपण एकमेकांची प्रकृती विचारतो आणि थांबतो, म्हणून हे लिहून कळवतो आहे. शिल्पकार सावळीराम गायखे यांच्या ब्राँझशिल्पांची समग्र सूची अखेर छपाईपर्यंत आली. एका नोंदीपाशी मात्र मी अडलो होतो, आणि ती नोंद तुझ्या आईच्या मुखशिल्पाची आहे.

सूचीत शिल्पकाराने स्वतः ओतून घेतलेल्या प्रतीच येतात. त्याच्या पश्चात इतरांनी काढलेल्या परिशिष्टात जातात. आपल्याकडे दोन मुखे होती. एक गायख्यांनी आईला समोर बसवून घडवले आणि स्वतः आणून दिले. दुसरे ते गेल्यावर त्यांच्या कार्यशाळेने, पहिले काही दिवस नेऊन, आठवण म्हणून ओतून पाठवले. घराच्या रंगकामात दोन्ही एकाच पोत्यात गेली, आणि बाहेर काढली तेव्हा कोणते कोणते, हे आईलाही सांगता येईना. "दोन्ही मीच ना? मग वाद कसला घालता!" म्हणून ती हसली होती. ती गेल्यावर त्यांतले एक मी तुला दिले. तेव्हा दारात उभी राहून तू म्हणालीस, "खरी आई तुम्ही ठेवून घेतलीत, बाबा. मला नक्कल दिलीत." ते खोडून काढायला माझ्याकडे पुरावा नव्हता. त्यानंतर तू नाशिकला आली नाहीस.

पुरावा आता मिळाला आहे, आणि तो इतका सुंदर आहे की समजावून सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. शिल्पकार मातीत घडवतो. मातीवरून प्लास्टरची प्रत निघते. तिच्या साच्यातून मेणाची. मेणाभोवती पुन्हा साचा लिंपतात, आणि मेण वितळून गेलेल्या पोकळीत तापलेले ब्राँझ ओततात. धातू निवताना किंचित आक्रसतो. डोळ्यांना ते कळत नाही, बारीक मापे घेणाऱ्या कॅलिपरला कळते. पुढे प्लास्टर हाताशी नसले, तर लोक तयार ब्राँझवरूनच साचा काढतात, आणि धातू पुन्हा आक्रसतो. म्हणजे अशी नक्कल अस्सलापेक्षा नेहमीच थोडी लहान! कुणी कितीही हुबेहूब ओतली, वर सहीसुद्धा कोरली, तरी हे आक्रसणे लपत नाही.

आईच्या मुखाचे प्लास्टर हरवले, असेच सगळे धरून चालले होते. परवा ते दिंडोरीजवळच्या कार्यशाळेच्या माळ्यावर, द्राक्षांच्या रिकाम्या क्रेटांमागे सापडले. त्याची मापे घेऊन मी घरी आलो आणि दिवाणखान्यातल्या मुखाला कॅलिपर लावला. स्वयंपाकाच्या कुसाबाई पोळपाट पुसता पुसता म्हणाल्या, "सर, बाईंच्या नाकाचं माप कशाला घेताय? नथ घडवताय का काय आता?" मीही हसलो. मग आकडे शेजारी शेजारी मांडले आणि हसू थांबले.

हनुवटीपासून कपाळापर्यंत, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, सगळीकडे चेहरा दोनदा आक्रसलेला आहे. भुवईवरचा व्रण प्लास्टरमध्ये बोटाला लागतो. इथे तो जवळजवळ पुसला गेला आहे. रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी ज्या चेहऱ्यासमोर बसतो, तो तुझ्या आईच्या चेहऱ्याहून थोडा लहान आहे. खरे मुख तुझ्याकडे आहे, आणि ते तुझ्याकडेच राहील. सूचीत मालक म्हणून तुझे नाव येईल. माझ्याकडची प्रत परिशिष्टात जाईल.

एवढे सांगायला फोनही पुरला असता. सूचीसाठी तुझ्याकडच्या मुखाची छायाचित्रे आणि मापे हवीत, तीही तू तिथूनच पाठवू शकशील. कशी घ्यायची ते मी सविस्तर समजावू लागेन आणि तू मध्येच "कळलं, बाबा" म्हणशील. पण मी ती मागत नाही. दोन्ही प्रती शेजारी ठेवून एकाच उजेडात पाहण्याची आमच्या कामाची रीत आहे, असे सांगून मी छपाई थांबवली आहे. कारण खरे आहे, पण तेवढेच नाही. कुसाबाई गेल्या की या घरात दुसरा आवाज उरत नाही. तेव्हा मुख घेऊन ये. बंगळुरूहून आणायला फार जड वाटले, तर ते तिथेच राहू दे. तू ये.

तुझाच,
बाबा