चौदा-छत्तीस

वारजे, पुणे
९ नोव्हेंबर २००८

चि. चैताली,

सप्रेम जयभीम. आम्ही दोघे ठीक आहोत. तुझ्या सासूबाईंचा गुडघा घरात दुखतो, मंडईत गेल्यावर दुखत नाही. काल तीन तास फिरून पावटा आणला.

फोनवर तू "हो बाबा" म्हणतेस आणि करायचं तेच करतेस. म्हणून लिहून पाठवतो. सोबतच्या पार्सलमध्ये बारा दात्यांचं स्प्रॉकेट आहे. तू चौदाचं मागितलं होतंस. ते पाठवलेलं नाही.

आता शेवटचं सांगतो. पुढचं स्प्रॉकेट इंजिनावर, मागचं चाकांच्या दांड्यावर, मधे साखळी. पुढे दाते कमी आणि मागे जास्त असले की गाडी ओढते, पण पळत नाही. उलट केलं की पळते, पण ओढत नाही. दोन्ही पाहिजे म्हणणाऱ्याने गाडी घेऊ नये. कंपनीने तेरा-चाळीस दिलं आहे. पुढे बारा लावलंस तर ते मागे तीन दाते वाढवल्यासारखं होतं. वरचा वेग पाच-सात किलोमीटरने कमी होईल. तुमच्या ट्रॅकवर चार चाकांच्या एटीव्हींची शर्यत नाही. तुमच्याकडे खडीचा चढ आहे, आणि त्यावर येणारी माणसं हिंजवडीच्या ऑफिसातली, आठवडाभर खुर्चीत बसलेली. त्यांना वेग नको, वर पोचायला हवं.

इंटरनेटवरचे तक्ते मला पाठवू नकोस. ते वाळूत गाडी उडवणाऱ्या पोरांनी केले आहेत. एकतीस वर्षं मी कारखान्याच्या टूलरूममध्ये गिअर कापले, एवढं कळतं.

गाडी हिंमतरावांच्या शिवण्याच्या वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला होती तेव्हा जुनी चौदा-छत्तीसची जोडी मीच काढली आणि कंपनीची लावली. कुठे ठेवली ते विचारू नकोस. साखळी थोडी सैल होईल, ताणून घे.

तुझे,
बाबा


वारजे, पुणे
१८ नोव्हेंबर २००८

चि. चैताली,

सप्रेम जयभीम. पार्सल परत मिळालं. पानशेतच्या गाडीच्या कंडक्टरने स्वारगेटला माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "काका, हे रोज येणार-जाणार का? पास काढून देतो." आत तुझी चिठ्ठी होती. मी ती इथे उतरवतो, म्हणजे काय लिहिलंस ते तुलाही पुन्हा दिसेल.

"बाबा, गाडी संजयची आहे. त्याची चौदा-छत्तीसच परत लावा. त्याचं एवढं तरी तसंच ठेवा. तेविसाला पंचवीस माणसं येणार आहेत, चढावर सर्वांच्या पुढे त्याच गाडीवर मी असेन. तुम्हाला जमत नसेल तर नाना पेठेतून करून घेते."

नाना पेठेत कोणीही करून देईल. तिथे मागाल ते मिळतं, कशाला हवं ते कोणी विचारत नाही. हे वाचून मी चिडलो. तुला परत तेच गणित लिहायला बसलो. दोन पानं झाली. ललिताने ती वाचली आणि म्हणाली, "तिला दाते किती वेळा मोजून दाखवणार? जे सांगायचंय ते सांगा." मी विचारलं, काय सांगायचंय. त्यावर ती म्हणाली, "मला विचारता?" आणि पावटा सोलायला बसली. तिला मी यातलं कधी काही सांगितलं नव्हतं.

ती दोन पानं फाडली. हे दुसरं पत्र.

संजयने नोकरी सोडून पानशेतला हा ट्रॅक काढला तेव्हा मी त्याच्याशी चार महिने नीट बोललो नाही, हे तू पाहिलंस. जानेवारीत तो कागद घेऊन आला. त्यावर लिहिलं होतं, पुढे चौदा, मागे छत्तीस. दुसरं काही नाही. मला वाटलं, बापाकडे आला की दुकानात आला?

टूलरूममध्ये आमची एक पद्धत होती. ड्रॉइंग चुकीचं वाटलं तर कोपऱ्यात लाल पेन्सिलीने शंका लिहायची आणि ते परत पाठवायचं. शंका न लिहिता काम केलं तर चूक ते काम करणाऱ्याची. मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवत असे. कितीतरी इंजिनिअरांची ड्रॉइंगं मी परत पाठवली आहेत.

त्याच्या कागदामागे मी हिशेब केला. कंपनीच्या जोडीपेक्षा ओढ सहावा हिस्सा कमी. तुमचा चढ मी पाहिलेला होता. दुसऱ्या गिअरवर गाडी वर जाणार नाही, मधेच पहिला टाकावा लागेल, आणि एवढ्या उतारावर इंजिन बंद पडलं तर गाडी मागे येईल. हे मला तेव्हाच, स्टुलावर बसल्या बसल्या कळलं. तरी मी शंका लिहिली नाही. आठ दिवसांत जोडी कापून तयार केली. काम चांगलं केलं.

न्यायला आला तेव्हा त्याने विचारलं, "बाबा, चढावर चालेल ना?"

मी म्हणालो, "ड्रॉइंग तुझं आहे."

एवढंच. तो हसला, त्याला मी थट्टा करतोय असं वाटलं असावं. स्प्रॉकेट फडक्यात गुंडाळून घेऊन गेला. मार्चमध्ये ते झालं. गाडी चढावरून मागे आली आणि तो गेला.

तू सगळ्यांना सांगतेस की त्याचा गिअर चुकला, आणि तूच त्याला पाहुण्यांसमोर चढावर जायला सांगितलंस. माझ्यासमोर दोनदा सांगितलंस. मी चहा पीत बसलो होतो. त्याचा गिअर चुकला नाही. त्या गाडीवर तिथे कोणीही असतं तरी तेच झालं असतं. तुझ्या सांगण्याचा काही संबंध नाही.

चौदा-छत्तीस ही संजयची आठवण नाही. त्याने आकडा मागितला, पण विचारलंही होतं. त्याला उत्तर मिळालं नाही.

रविवारी तेविसाला पहिल्या गाडीने मी येतो. बाराचं स्प्रॉकेट आणि पाने-पकड बरोबर आणतो. अर्ध्या तासाचं काम आहे. माझं तोंड पाहायचं नसेल तर फाटक उघडू नकोस, मी हाक मारणार नाही. पार्सल बाहेर ठेवून परतीच्या गाडीने निघेन. ते मग तुमच्या मेकॅनिककडून बसवून घे. पण ते बसल्याशिवाय त्या चढावर जाऊ नकोस, आणि कोणाला पाठवू नकोस. माझ्यावरचा राग आयुष्यभर ठेवलास तरी चालेल. त्यासाठी चौदाचं लावू नकोस.

ललिताने आशीर्वाद लिहायला सांगितले आहेत. तिचे घे.

संजयचा बाप,
सुखदेव