मुनियांना राळे

नंदू,

तू पाळीवरून येशील तेव्हा मी घरी नसेन. मानखुर्दला क्षमाच्या माहेरी चाललोय. डाळभात झाकून ठेवला आहे.

गॅलरीत टांगलेला डालड्याचा डबा काढू नकोस. आत राळे आहेत, ते बारीक पिवळं धान्य. आरेत गवत कापणाऱ्या बाईने मला सांगितलं, "आजोबा, तांदूळ टाकाल तर कबुतरंच येणार. मुनियांना राळे घाला, आणि डब्याला भोक बारीक ठेवा." आज सकाळी चार मुनिया आल्या, चिमणीहूनही लहान. त्यांच्या छातीवरचे ठिपके बघायला माझी नात अनू हवी होती. तिला मुनिया दिसाव्यात म्हणूनच तर मी महिनाभर मुठी मुठी तांदूळ टाकत होतो.

त्या कबुतरांनी क्षमाचे वाळत घातलेले पापड खराब केले. ती बोलली ते रास्तच होतं. मी मात्र म्हणालो, "घर माझं आहे, पटत नसेल तर माहेरी जा." ती अनूला घेऊन गेली, त्याला आज अठरा दिवस झाले. तू मला एका शब्दाने बोलला नाहीस, पण जेवताना मान वर करत नाहीस. हे लिहिताना माझं जोडाक्षर अडलं की विचारायला अनूही घरात नाही.

तिथे मुनियांचं आधी काढणार नाही. आधी क्षमाची माफी मागेन. सासऱ्याने सुनेपुढे हात जोडायची आपल्याकडे रीत नाही, म्हणून काय बोलायचं ते वाटेत घोकत जाईन. ती यायला तयार नसली तर आग्रह करणार नाही. अनूला दारातूनच बघेन आणि परत येईन.

बाबा