सर्ज्याबरोबर गेलेलं पदक

बयाक्का,

पहिल्या एस्टीनं आटपाडीला चाललोय, सर्ज्या बैलाच्या नव्या मालकाकडं. आबांच्या फौजेच्या कागदांत पदकाची नोंदच नाही. कागदावर त्यांनी लढाईत नुसता फौजेचा स्वयंपाक केलाय. साताऱ्याचे साहेब म्हणतात, पदक आणा, कडेला कोरलेला नंबर बघून दुरुस्ती करू. ते पदक बेंदराच्या सणाला मीच हौसेनं सर्ज्याच्या कपाळगोंड्यात ओवलं होतं. बैल विकताना लक्ष्मी जाऊ नये म्हणून दावं तेवढं आठवणीनं ठेवून घेतलं आणि पदक पाठवून दिलं.

आबांना सांग, औषधाला गेलोय. काल धाप लागलेली असतानाही म्हणाले, "पदक असू दे न्हाईतर नसू दे, सरकारच्या वहीत हाय की समदं."

त्यांचं म्हणणं खरं व्हायला चार दिवस तरी लागतील. तेवढे दिवस त्यांना सांभाळ.

ज्ञानू