तुझा हेमंत मायच्या घरी

नागपूर,
२० जानेवारी १९८६

प्रिय केशव,

इतक्या वर्षांनी चंपतचं पत्र बघून कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. धंतोलीतल्या तुझ्या दवाखान्यावरून जाताना माझंही तोंड कडू होतं. तुझा हेमंत मात्र गुणी निघाला. यंदा तो मी शिकवतो त्याच तुकडीत आहे.

डॉक्टर होणाऱ्या या पोरांना मी रामटेकच्या पलीकडे, आमच्या गोंडांच्या गावात नेतो. तिथं माझा नियम एकच: घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय कुणाला हात लावायचा नाही. आधी त्यांच्या घरी राहायचं, पाणी भरायचं, ऐकायचं. हेमंतला मी मुद्दाम माझ्या मायच्या घरी ठेवलं. ती भाकरी थापायची, तो शेजारी बसून आजी, आजी करायचा आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटायच्या.

माय दरवर्षी पोरांना एक हकिकत सांगते. बासष्ट साली, आपण दोघं डॉक्टरकी शिकत होतो तेव्हा, ती तापानं फणफणत आपल्या वॉर्डात आली होती. एका शिकाऊ डॉक्टरनं नाडीसुद्धा न बघता तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत वर केलं आणि पिंढऱ्यांवरचं गोंदण बघायला मित्रांना बोलावलं. मरताना सोबत येणारा दागिना तेवढाच, असं आमच्या बायका मानतात. तुम्ही सगळे हसलात. पुढच्या पावसाळ्यात माझी धाकटी बहीण आजारी पडली, तर मायनं तिला दवाखान्यात नेऊच दिलं नाही. बहीण गेली.

मी जाब विचारला होता, तेव्हा तू काय म्हणालास? "मले काय मालूम गा, ते तुही माय होय?" म्हणजे दुसऱ्या कुणाची असती तर चाललं असतं! तुला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. मायला तुझं नाव ठाऊक नव्हतं. ते मी जपून ठेवलं होतं. यंदा सांगितलं.

परवा अंगणात हकिकत संपली तेव्हा हेमंतचे डोळे भरले होते. आजी, कोण होता तो, असं त्यानं विचारलं. माय म्हणाली, "तुह्या बापाले इचार." पोरगं पांढरंफटक पडलं. मला जराही वाईट वाटलं नाही.

आठवत नाही म्हणून तू सुटू नयेस, एवढ्यासाठी हे पत्र. शनिवारी हेमंत घरी येतोय आणि तो एकटा नाही. मायला सोबत आणायचं त्यानंच ठरवलंय. वहिनींना एक पान जास्त घ्यायला सांग. जेवणं झाली की माय सगळं पुन्हा सांगेल, तुझ्या घरात, तुझ्या बायकोसमोर.

तुझाच,
चंपत उईके