हरणांचा फराळ आणि माझं बटण

स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया
२० सप्टेंबर २००६

श्रीयुत गुरुदत्तराव यांस मनोहरचा सप्रेम नमस्कार. तुमची शुगर, वहिनींचे गुडघे आणि अकोल्याचं भारनियमन हे तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा बाळगतो. (तिसऱ्याबद्दल आशा बाळगू नये, हे वीज मंडळात पस्तीस वर्षं काढलेल्या आपल्या दोघांना कुणी सांगायला नको.) मी आणि मालिनी, आम्ही उभयता खुशाल आहोत. असो. औपचारिकता संपली, आता सरळ अरे-तुरेवर येतो.

मागच्या पत्रात मी कंटाळ्याचं रडगाणं गायलं होतं. प्रसाद आणि सूनबाई सकाळी कामाला गेले की मी खिडकीपाशी आणि मालिनी ओट्यापाशी, असा दिवस जायचा. कशाला हात लावावा तर चिरंजीव म्हणतात, "बाबा, प्लीज, काही टच करू नका, मी आल्यावर फिक्स करतो." ज्या माणसाने अर्ध्या तालुक्याला उजेड दिला (आणि तितक्याच वेळा काढून घेतला), त्याला टोस्टरची बंदी! मला इथं फार निरुपयोगी वाटायला लागलं होतं रे. तेवढ्यात शेजारचा हॅरल्ड भेटला.

हॅरल्ड सत्तरीचा, एकटा राहतो. घरामागे अर्धा एकर सोयाबीन. अकोल्याच्या माणसाला सोयाबीनचं काय कौतुक, पण हा ते विकत नाही की खात नाही, रानातल्या हरणांसाठी लावतो. बर्फ पडला की त्यांना खायला मिळत नाही म्हणून. (पूर्वी शिकारी होता. आता बंदूक माळ्यावर टाकलीय. तो आणि त्याची बायको हिवाळाभर खिडकीत बसून जेवणारी हरणं बघायचे. दोन वर्षांपूर्वी ती गेली.) इथवर मला सगळं पुण्यकर्म वाटलं. मग तो म्हणाला, पिकाला विजेचं कुंपण घातलंय. कशापासून? तर हरणांपासून! मी दोनदा विचारून घेतलं, म्हटलं माझं इंग्रजी कमी पडतंय. मालिनीला मात्र लगेच उमगलं. म्हणाली, दिवाळीचा फराळ पोरांसाठीच करतात ना? तरी वसुबारसेच्या आधी डब्याला हात लावला की पाठीत धपाटा बसतोच. कोवळा पालाच फस्त केला तर बर्फात काय खातील बिचारी?

ऑगस्टमध्ये हॅरल्डच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, हाती कुबड्या आल्या आणि मी वीज मंडळातला आहे हे कळताच त्याने कुंपण माझ्या हवाली केलं. म्हणाला, माझा हिवाळा आता तुझ्या हातात आहे. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणी माझ्यावर काही सोपवलं होतं, मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! काम सोपं होतं. शेडमध्ये एक यंत्र टकटक करत तारेत शॉक सोडत असतं. तारेवर जागोजागी चंदेरी कागदाच्या पट्ट्या, त्यांवर शेंगदाण्याचं लोणी फासायचं. वासाने हरीण येतं, चाटायला जातं, नाकावर फटका बसतो की पुन्हा फिरकत नाही. (प्रेमाने केबिनमध्ये बोलावून चहा पाजायचा आणि मग मेमो द्यायचा, ही आपल्या थोरल्या साहेबांची पद्धत. ते रिटायर होऊन इकडे आले होते की काय, कोण जाणे.)

हॅरल्डने सगळं समजावलं, फक्त 'यंत्र बंद करू नकोस' एवढं सांगायचं त्याला सुचलं नाही. त्याचा दोष नाही, त्याने आपली माणसं कुठे पाहिलीत? भर दुपारी शेतात चिटपाखरू नाही आणि यंत्र आपलं टकटक करत वीज पितंय, हे तुझ्याच्याने तरी बघवलं असतं का? खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करायचं, हे आपल्या हाडात मुरलंय. हरणं संध्याकाळी हिंडतात असं ऐकलं होतं, तेव्हा मी सकाळी फेरी मारली की बटण बंद, ऊन कलल्यावर चालू. हरणांनी हे वेळापत्रक बघता बघता पाठ केलं. (आपल्या ग्राहकांना भारनियमनाचं वेळापत्रक कधी पाठ झालं नाही, कारण आपण ते कधी पाळलं नाही.)

एका दुपारी सहज मागे गेलो तर शेताचा एक कोपरा बोडका आणि तीन हरणं आत, निवांत चघळतायत! हॅरल्डचा हिवाळा डोळ्यांदेखत संपत होता. बटण मीच बंद केलेलं, म्हणून तार बिनधास्त हातात धरली आणि पाय पलीकडे टाकला. पण थोड्या वेळापूर्वी मालिनी हॅरल्डला वरणभात द्यायला गेली होती. वाटेत शेडमधलं यंत्र गप्प दिसल्यावर 'लाइट गेली असेल, आता आलीय' असं समजून तिने बटण चालू करून टाकलं होतं. गुरुदत्ता, पस्तीस वर्षांच्या नोकरीत मला कधी शॉक बसला नाही. (मी खांबाच्या जवळच कधी गेलो नाही म्हणून, असं तू म्हणतोस. ते राहू दे.) तो विक्रम पेनसिल्व्हेनियात मोडला. मी सोयाबीनमध्ये आडवा. हरणांनी माना वर करून पाहिलं, आपल्या कामाचं काही नाही असं ठरवलं आणि पुन्हा खायला लागली.

त्यानंतर बटण कायमचं चालू ठेवलं, पण हरणं सोकावली होती. त्यात शेंगदाण्याचं लोणी संपलं. मालिनीने डब्यातली शेंगदाण्याची चटणी तेलात कालवून दिली. (तिचं माहेर सोलापूर, तेव्हा तिखट किती असेल ते तूच समज. लसूण वेगळी.) मी शेडमागे लपून बघत होतो. म्होरक्या हरणाने ऐटीत येऊन चाटलं. शॉक आणि चटणी एकदमच! पांढरी शेपटी वर करून जे पळालं, ते थेट डोंगरात. त्या दिवसापासून सगळा कळप कुंपणाला लांबून वळसा घालतो. कोपरा गेला तो गेला, बाकीचं पीक शेंगांनी लगडलंय.

मी मान खाली घालून हॅरल्डला बोडक्या कोपऱ्याचं सांगायला गेलो, तर त्याने खिडकीतून सगळं पाहिलेलं. म्हणाला, तू आडवा झालास तेव्हा मी पोट धरून हसलो, बायको गेल्यापासून पहिल्यांदा. मग म्हणाला, पहिला बर्फ पडला की कुंपण उघडायचं काम ती करायची. या वर्षी तुम्ही दोघं उघडाल का, असं त्याने विचारलं. मी हो म्हणालो.

थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद आणि मंडळाला ज्याची गरज असेल ते.

तुझा,
मनोहर

ता.क. मागच्या पत्रात मी सांगितलं होतं, की दिवाळीत मालिनीला फोन कर आणि 'तुमच्या घराच्या भिंतीला ओल आलीय, ताबडतोब या' असं सांग, म्हणजे माझी इथून सुटका होईल. तो फोन कृपा करून करू नकोस. बर्फ पडेपर्यंत तर मुळीच नको.

ता.क. दुसरा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात तुझा फोन आला. दिवाळीपर्यंत धीर धरवला नाही ना? आणि अरे, ओल सांगितली होती, तू उत्साहाच्या भरात फोनवर मागची अख्खी भिंतच पाडलीस! मी कपाळाला हात लावला. मालिनीने शांतपणे फोन ठेवला आणि म्हणाली, "ओल असती तर धावत जावं लागलं असतं. भिंत पडूनच गेलीय, तर आता घाई कसली? बर्फ बघूनच जाऊ." आणि शेंगदाणे भाजायला गेली. तेव्हा आता एवढंच कर. डिसेंबरात आम्ही येऊ तेव्हा ती भिंत जागच्या जागी कशी उभी आहे, याचं काहीतरी कारण आत्तापासून शोधून ठेव.