रिटर्न म्हणजे परत

अण्णा, आपण मागच्या पडवीत सुपाऱ्या सोलत बसलो होतो. म्हणजे सोलत होतात तुम्ही. मी कॉन्व्हेंटमधून सुट्टीला आलेली, बोटं काळी होतील म्हणून नुसती टरफलं बाजूला सारत होते. टपालवाल्याने लांब पाकीट आणून दिलं. तुम्ही हात धोतराला पुसलेत आणि ते न उघडताच माझ्यापुढे धरलंत. दिवेआगरात इंग्रजी वाचणारी आमची बायच, असं तुम्ही येईल त्याला सांगत असायचात.

इंग्रज सरकारच्या इन्कमटॅक्स खात्याची नोटीस होती, सोबत एक छापील कागद. रिटर्न पाठवा, असं त्यात लिहिलेलं. रिटर्न म्हणजे परत, हे मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. मी सांगून टाकलं, की हा कागद परत पाठवायचा आहे. तुम्ही तो उलटसुलट करून पाहता आणि विचारता, "कोराच? मग त्यांनी धाडला कशाला, बाय?" आणि मी म्हणते, "अण्णा, इंग्रजी तुम्हाला कळतं की मला?" तुम्ही हसलात. दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन तो कोरा कागद टपालात टाकून आलात.

रिटर्न म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाचा तपशील, तो भरून द्यायचा असतो, हे कळलं ते माणगावला. तपशील न मिळाल्यामुळे अंदाजानेच कर बसवला होता, आणि साहेब तिथे मुक्कामाला आले होते. बैलगाडीत आपण दोघं आणि काका. मडमिणींकडे पैसे ओतलेत, तेवढ्यात हिला उजवून मोकळे झाला असतात, असं काका वाटभर तुम्हाला टोचत होते. कारकुनाने तो कागद वर धरला आणि म्हणाला, अगदी करकरीत परत आलाय, फार जपून वापरलात हो. साहेब मात्र भला माणूस. कुणी चुकीचं वाचून दाखवलं असेल तर तसं लिहून द्या, मी पुन्हा बघतो, म्हणाले. काका माझ्याकडे बघायला लागले. तुम्ही आमच्या मध्ये येऊन उभे राहिलात.

"मीच वाचलं, साहेब. मराठी चौथीची अक्कल, ती कितीशी पुरणार?"

मग माझ्या हाती काही नाही, साहेब म्हणाले. मी तुमच्या पाठीआडून पुढे आले नाही. परतताना तुम्ही एवढंच बोललात, "सुट्टी संपली की जायचंस. त्यात बदल नाही."

पुढे शिक्षिका झाल्यावर मी ते नियम मिळवून वाचले. आपल्या वाडीतल्या सुपारीवर हा कर नव्हताच. ती शेती, तिचा शेतसारा वेगळा. कर होता तो शेजाऱ्यांकडून विकत घेऊन मुंबईला धाडलेल्या मालाच्या नफ्यावर, तोही ठराविक रकमेच्या वर गेला तर. तपशील भरला असता तर बहुधा काहीच द्यावं लागलं नसतं. साहेबांनी सगळी सुपारी एकत्र धरली होती. तुम्ही कर भरलात, आणि पुढल्या वर्षी व्यापार काकांच्या हवाली केलात. अक्षरशत्रू माणसाने धंदा करू नये, असं ते सांगत फिरले. श्रावणात ओटीवर पोथी लावून अर्थ सांगणाऱ्या तुमच्याबद्दल.

तो शब्द घरात राहिला आहे. शेजारचं भांडं रिकामंच परत गेलं की काकांच्या सुना अजून म्हणतात, हा अण्णांचा रिटर्न. ज्यांनी तुम्हाला पाहिलंही नाही ती मुलंसुद्धा म्हणतात. गेल्या गणपतीतही म्हणाली. मीही त्यांच्याबरोबर हसले.

आता मी मृत्युपत्र केलं आहे. वाडी काकांच्या नातवाला. शिंपणं तोच बघतो. पाटल्या त्याच्या मुलीला, शिक्षणासाठी मोडल्या तरी चालतील. शिवणयंत्र शेजारणीला. तुम्हाला लिहितेय तो हा कागद कुणाच्याच वाट्याला ठेवलेला नाही. मृत्युपत्रात एक ओळ घालायची होती, ती नोटीस खरं तर कुणी वाचली होती याबद्दल. वकील म्हणाले, असलं काही यात घालत नाहीत. मी आग्रह धरला नाही, अण्णा. मला सुटल्यासारखं वाटलं.