लातूरचा पत्ता पुसताना

९ नोव्हेंबर, सोमवार. नांदेड
दुकान उघडलं न उघडलं तोच गिऱ्हाईक. शिरूर अनंतपाळहून आलेला. नाव इथं लिहीत नाही, नुसतं श. लिहिते. लॅपटॉप खाली पडलाय, आतली हार्ड डिस्क कटकट वाजतेय. "लेकीचे फोटो हायेत ताई, तेवढे काढून द्या." नरम बोलणारा माणूस. दारात गेल्यावर वळला. "डिलीट केलेलं बी निघतं ना? समदं काढा. अर्ज, कागदं, काय असंल ते."
फोटोसाठी आलेले लोक असं विचारत नाहीत.

१० नोव्हें.
डिस्क वाचतेय, पण अडखळत. मूळ डिस्कला फार छेडलं तर कायमची जाईल, म्हणून आधी पूर्ण नक्कल घेऊन राहिले. शेजारचे झेरॉक्सवाले रशीदभाई डोकावले. "दमा झाला का हो ताई याला?" दिवसभरात मी तेवढंच हसले.

१२ नोव्हें.
नक्कल झाली. लेकीचे फोटो सगळे आले. फ्रॉक, केक, फुगे.
मग पुसलेला एक फोल्डर निघाला. आत एका बाईचे फोटो, आरशासमोर तिनंच काढलेले. दंडावरचे वळ. मानेवरचे वळ. कानामागची जखम. एका फोटोत लेक मागं दारात उभी, हातात बाहुली. त्यातच नर्सच्या नोकरीचा अर्ज. नाव रेखा. लातूरच्या खोलीचा पत्ता, मोबाईल नंबर. श.ची बायको असणार, लॅपटॉप तिचा. निघून जाण्याआधी पुसून गेलीय.
श.ला फोटो नकोत. ती कुठं आहे ते पाहिजे.
शटर अर्धं ओढून बसले, भरदुपारी.
अनिल विष्णुपुरीच्या कॉलेजातली नोकरी आटपून घरी आला तेव्हा सांगितलं. घास हातातच राहिला त्याचा. "लेकीचे फोटो दे अन् मोकळी हो. बाकीचं निघालं न्हाई म्हण. आपल्याला दुकान चालवायचंय इथं." नवरा चूक बोलत नाही. पण डिस्क तर परत श.कडंच जाणार. मी नाही काढलं तर दुसरा काढून देईल.

१३ नोव्हें.
अर्जातल्या नंबरवर फोन केला. बाईचा आवाज. "राँग नंबर." कट.
दुपारी दुसऱ्याच नंबरवरून आला. "कोण तुम्ही? त्यानं लावलं का फोन करायला?" सगळं सांगितलं. तिनं पहिलं हेच विचारलं: "फोटो निघाले?" हाव म्हटलं. "मला वाटलं गेले. हातात पुरावा न्हाई म्हणून वकील थांबा थांबा म्हणून राहिले." रडली. सोमवारी लातूरला येऊन फोटो देते म्हटलं.

१६ नोव्हें., सोमवार
दुकान बंद ठेवून एसटीनं लातूर. गंजगोलाईच्या बाजारात भेटलो, भर गर्दीत, तिनंच सांगितलं होतं तसं. फोटोत वाटते त्यापेक्षा बारीक आहे. लेक तिची ओढणी सोडत नव्हती. पेनड्राइव्ह दिला. तिनं तो पर्समध्ये टाकला, चेन लावली, पुन्हा उघडून बघितला.
"ताई, तुम्ही गेलेलं काढता. असलेलं कायमचं घालवता येतं का?"
येतं म्हटलं.
"मग घालवा. त्यात माझा पत्ता हाय."
परतीच्या वाटेवर एसटीमागं येणारी प्रत्येक मोटारसायकल बघत बसले.

१७ नोव्हें.
लेकीचे फोटो श.साठी वेगळे काढले. मग मूळ डिस्कवर शून्यं लिहायला लावली, म्हणजे खालचं जुनं पुन्हा निघत नाही. गिऱ्हाइकाच्या डिस्कला असं कधी केलं नव्हतं. काही जागा खराब, तिथं लिहिलंच जात नाही. त्या जागांत काय उरलं असेल, मला दिसत नाही. माझ्याकडची नक्कल पण पुसली.
आता भीती वेगळीच. जाणकारानं डिस्क उघडली तर एका नजरेत सांगेल, ही मुद्दाम पुसलीय.

१९ नोव्हें.
श. आला. लेकीचे फोटो पेनड्राइव्हवर दिले.
"बाकी?"
बाकी निघालं नाही, डिस्क फार खराब.
पेनड्राइव्ह लावूनसुद्धा बघितला नाही. "सोमवारी आलतो. दुकान बंद."
बाहेर गेले होते.
"लातूरला." आवाज नरमच. "लातूरला काय काम काढलं ताई?"
नणंद आहे तिथं, म्हटलं. अनिलला बहीणच नाही.
डिस्क रुमालात गुंडाळून घेऊन गेला.
रशीदभाईंना विचारलं. "हौ, आला होता. लातूरला गेल्या म्हणून मीच बोललो. काय झालं?" काही नाही म्हटलं. त्यांचा काय दोष. मीच त्यांना सांगून गेले होते.
डिस्कवरून लातूर पुसलं आणि…

नंतर
रेखाला फोन. "त्याला लातूर कळलं. माझ्यामुळं." तिनं एवढंच विचारलं, "खोली?" खोलीचं काही कळलेलं नाही, म्हटलं. "आजच सोडते." कुठं जाणार विचारलं. "तुम्हाला न्हाई सांगत ताई. राग मानू नका."
राग नाही आला. सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटून राहिली.

२३ नोव्हें.
अनिल कॉलेज सुटलं की घरी न जाता दुकानात येतो. कशाला ते बोलत नाही. स्टुलावर बसतो, तोंड रस्त्याकडे.
रेखाचे दोन्ही नंबर बंद. वकिलाकडं पोचली असेल. असेल.

२६ नोव्हें.
श.चा फोन. "डिस्क पुण्याला एका जाणकाराला दिलीय. बघून सांगतो म्हणला, काय झालंय ते."
बरं, म्हटलं.
"तुम्ही दुकानातच असता ना ताई?"
हाव म्हटलं.